जाम निप्पल आणि माघारीची हद्द: सीवूड्सच्या एका गाडीचं ब्रेकचं काम

ब्रेकच्या कामात नट जाम निघाला की गॅरेजमध्ये एकच चर्चा सुरू होते, सोडवायचा कसा. मला त्याआधीचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो: सोडवताना तुटलाच, तर काय तुटलेलं चालेल आणि काय अजिबात चालणार नाही? पाना लावण्याआधी हे ठरलेलं असलं तर नुकसान आपल्या हिशेबात राहतं. ठरलेलं नसलं तर एका निप्पलच्या, म्हणजे ब्रेकमधली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूच्या, मागे लागून पुढच्या पाइपपर्यंत सगळं खराब होतं आणि गाडी जॅकवरच अडकून बसते. आमच्या नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये आलेलं हे प्रकरण मी त्यासाठीच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

गाडी आणि तक्रार

2012 सालची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोराने ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून, म्हणजे ही गाडी त्याच्या बरीच आधीची. मालक सीवूड्सला राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले एक काका. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, खाडीच्या अंगाला उभी असते आणि फार चालत नाही. भाजी, देऊळ, वाशीला मुलीकडे, एवढंच.

गाडी कमी चालते म्हणून चांगली राहिली असेल असं लोकांना वाटतं. ब्रेकच्या बाबतीत बहुधा उलटच होतं. पाम बीच रोडच्या पट्ट्यात हवा खारी आहे आणि जून ते सप्टेंबर गाडीचं पोट कोरडं असं होतच नाही. रोज चालणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात, ओल उडून जाते. उभ्या गाडीत ती आट्यांत मुरते.

काकांची तक्रार अशी की पॅडल मऊ लागतं, पहिल्यांदा दाबलं की खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की बरं लागतं. गणपतीला संगमेश्वरजवळच्या गावी जायचं म्हणून त्यांनी आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलायला गाडी दिली होती. तिथे मागच्या डाव्या चाकाचं निप्पल निघालं नाही, ओढाताणीत गोल झालं. मग उरलेल्या तीन चाकांचं ऑइल बदललं, एअर काढली आणि “गावाहून आल्यावर बघू, तोवर काही होत नाही” असं सांगून गाडी परत केली.

“काही होत नाही” यावर माझा आक्षेप आहे, आणि तो का ते सांगायला हवं, कारण हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. अशा छोट्या गाड्यांमध्ये ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते. मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. मागच्या डाव्या चाकात हवा राहिली की पायाची हालचाल ती हवा दाबण्यात जाते आणि त्याच सर्किटवरच्या पुढच्या उजव्या चाकाला दाब उशिरा मिळतो. थांबवण्याचा मोठा भार पुढची चाकं उचलतात, त्यामुळे हा तोटा मागच्या एका चाकापुरता राहत नाही.

दुसरं, त्या चाकात जुनं ऑइल तसंच होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 या दर्जाचं ऑइल ताजं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर, म्हणजे साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळल्यावर, हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. घाट उतरताना ब्रेक सतत वापरात असतात. तिथे ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला टेकतं. काकांच्या गावाच्या वाटेवर कशेडी घाटाला आता बोगदा झाला आहे, पण पुढे भोस्ते आहे, परशुराम आहे. चार माणसं आणि सामान भरलेली गाडी तिथून न्यायची होती. म्हणून काकांना स्पष्ट सांगितलं, की गाडी अशी गावाला जाऊ नये.

निप्पलकडे पाहिलं तेव्हा

चाक काढून, वायर ब्रशने घासून, बॅटरीच्या उजेडात पाहिलं. निप्पलच्या षटकोनाचे कोपरे गेलेले, वर वाईस ग्रिपच्या दातांचे ओरखडे. वरची रबरी टोपी नव्हतीच. निप्पलच्या मधलं भोक मातीने ठासून भरलं होतं. सुईने ती माती उकरली तर खालून ओलसर तपकिरी गंज निघाला. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. ही टोपी अगदी मामुली किमतीची असते आणि एअर काढताना कोणीतरी ती बाजूला ठेवतो आणि विसरतो. मग भोकातून पाणी आत जातं आणि आतून बाहेर गंज धरतो. वरून कितीही तेल मारा, आतला गंज जागेवर राहतो.

निप्पल जाम होण्याचं दुसरं कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त आवळणं. निप्पलला साधारण 7 ते 10 न्यूटन-मीटर पुरतात. चाकाच्या नटाला लागतात 80 च्या पुढे. एकाच हाताला दोन्हीची सवय असते, त्यामुळे लांब पान्याने निप्पल सहज दुप्पट-तिप्पट आवळलं जातं. निप्पल पोकळ असतं, त्यात खालच्या बाजूला आडवं भोक असतं, आणि पुढच्या वेळी ते नेमकं त्या भोकाशी तुटतं.

मग पाइपचा नट पाहिला. व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणाऱ्या भागात, जिथे लोखंडी ब्रेक पाइप शिरतो तिथला हा 10 चा नट शाबूत होता, पण नट आणि पाइप यांच्यामधली फट गंजाने बुजली होती. निप्पलपेक्षा मला जास्त काळजी या नटाची वाटली.

काय गेलं तर चालेल

आम्ही काम सुरू करण्याआधी काकांना गाडीखाली बोलावून सगळी साखळी दाखवली. शेवटाला निप्पल. ते बसतं व्हील सिलिंडरमध्ये. व्हील सिलिंडरला येतो एक्सलवरचा छोटा पाइप. तो जोडलेला रबरी होजला. होजचं दुसरं टोक बॉडीवरच्या ब्रॅकेटमध्ये, आणि तिथून पुढे लांब पाइप पेट्रोलच्या टाकीच्या कडेने, क्लिपांमध्ये अडकवत थेट इंजिनपर्यंत.

“एका निप्पलसाठी एवढं सगळं?” काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

मी म्हटलं, “काका, निप्पल आता विसरा. व्हील सिलिंडर काही शे रुपयांत नवा मिळतो, निप्पलसकट. त्या निप्पलवर तासभर घालवण्यात अर्थ नाही. सिलिंडर काढताना पाइपचा नट सुटला तर उत्तम. नाही सुटला तर छोटा पाइप जाईल. तिथेही अडलं तर होज जाईल, आणि तो तसाही बदलायच्या वयाचा आहे. पण ब्रॅकेटच्या पुढचा लांब पाइप मी तुटू देणार नाही. तो गेला तर टाकी उतरवावी लागेल आणि तुमचा गणपती इथेच बसेल.”

म्हणजे माघार कुठवर घ्यायची त्याची हद्द ब्रॅकेटपाशी ठरली. सिलिंडर, छोटा पाइप आणि होज आधीच मागवून ठेवले. पाइप कंपनीचाच मागवला, वाकवलेला आणि दोन्ही टोकं फुलवलेला. कोणीतरी तांब्याची नळी वाकवून देतो म्हणाला, त्याला नकार दिला. निव्वळ तांबं कंपनाने कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. मधला गंजका तुकडा कापून पाण्याच्या नळासारखा दाबजोड टाकण्याचा सल्लाही मिळाला. जोराने ब्रेक मारल्यावर या पाइपमध्ये 70 ते 100 बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो जेमतेम दोन बार. दाबजोड या कामासाठी नाही.

प्रत्यक्ष काम

ड्रम निघण्यातच थोडा वेळ गेला. हँडब्रेकची केबल सैल केली आणि ड्रमवर आटे पाडलेली जी दोन भोकं असतात त्यांत 8 एमएमचे बोल्ट आळीपाळीने आवळत ड्रम बाहेर ढकलला. हातोड्याने कडेवर मारत बसण्यापेक्षा हे बरं. कडेचा तुकडा उडाला की ड्रम बाद.

ठरल्याप्रमाणे निप्पलला हातच लावला नाही. सरळ पाइपच्या नटावर गेलो. सिलिंडरचे बोल्ट मात्र तसेच आवळलेले ठेवले, कारण नट सोडवताना सिलिंडर घट्ट धरलेला हवा. नटाला रात्रभर गंज सोडवणारं तेल अगदी थेंबाथेंबाने दिलं. इथे एक गोष्ट पाळायलाच हवी. ब्रेकच्या आतले रबरी कप ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात, खनिज तेल लागलं की ते फुगतात आणि अडकतात. म्हणून फवारणी नाही. ब्रशच्या टोकाने द्यायचं, आणि जोड उघडण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. ज्या भागातून हे तेल आत जाण्याची शक्यता आहे तिथलं पहिलं ऑइल बाटलीत वाहू द्यायचं.

साधा फिक्स पाना या नटावर चालवू नये. तो नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि नट मऊ असतो. तोंडाला पाइप जाण्यापुरती फट असलेला रिंग पाना येतो, फ्लेअर नटाचा. तोच वापरायचा. पाइपवर, नटाच्या लगत, आमच्या पोराने व्हाइटनरची एक उभी रेघ ओढली. नट फिरताना रेघ जागेवर राहिली तर नट सुटतो आहे. रेघही फिरायला लागली तर नटाने पाइपला धरलं आहे आणि पाइप पिळला जातो आहे. पान्याला येणाऱ्या जोरावरून हा फरक कळत नाही, कारण हाताला दोन्ही वेळा “सुटलं” असंच वाटतं. पाइप पिळला गेला की मग कितीही हळू करा, त्याचा भरवसा संपला.

रेघ फिरली. तिथेच थांबलो आणि पहिली माघार घेतली. छोटा पाइप कापला. पाइप कापल्यावर नटावर सहा कोनांची गोटी (सॉकेट) पूर्ण बसते, आणि मग नट मुकाट्याने निघतो. सिलिंडर तसाही जाणार होता, त्यामुळे तो निघाला नसता तरी फरक पडत नव्हता. पाइप कापण्याआधी पॅडल इंचभर दाबून सीटच्या आधाराने काठी लावून ठेवली होती. त्याने मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलं जातं आणि वरची ती टाकी रिकामी होत नाही. पाइपच्या टोकाला रबरी टोपी लावली.

एक्सलवर, छोट्या पाइप आणि होजच्या जोडाला वेळ दिला नाही. दोन्ही नवे येणार होते. होज मधोमध कापला, पाइप आणि होजचा तुकडा क्लिपसकट बाहेर.

आता हद्द आली. बॉडीवरच्या ब्रॅकेटमध्ये होजचं टोक, त्यात लांब पाइपचा नट. इथे पुन्हा व्हाइटनरची रेघ ओढली, फ्लेअर पाना लावला, अगदी हलका जोर दिला. रेघ हलायला लागली. पाना काढून घेतला.

पहिला विचार आच देण्याचा येतो. लोखंड तापवलं की गंजाची पकड सुटते हे खरं आहे, पण हात पसरला तर पेट्रोलची टाकी लागते आणि ब्रेक ऑइल व ते गंज सोडवणारं तेल दोन्ही पेट घेतात. शिवाय आसपास ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर काही क्लीनरमधले क्लोरिनचे द्रव तापले की अत्यंत विषारी वायू होतो. टाकीजवळ आच हा पर्यायच नाही, इंडक्शन हीटरसुद्धा नाही.

पण होज आधीच कापलेला होता, आणि त्यामुळे एक वाट मोकळी झाली होती. नट पाइपला चिकटला असेल, तर नट फिरवूच नये. नट फ्लेअर पान्याने जागेवर धरावा आणि होजचं टोक फिरवावं. एरवी ते शक्य नसतं, होज पिळला जातो आणि ब्रॅकेट त्याला फिरू देत नाही. आम्ही क्लिप काढली, होजचं टोक ब्रॅकेटमधून अलगद मागे सरकवलं, तेवढी लवचीकता पाइपमध्ये असते. मग एका हाताने नट धरून दुसऱ्या हाताने होजच्या टोकाला 17 चा पाना लावला. रेघेवर पोराचं बोट होतं. आधी केसभर आवळलं, मग सोडवलं. पुन्हा आवळलं, पुन्हा सोडवलं. आट्यांतून लाल भुकटी पडायला लागली. थोडं फिरलं, मग अडलं, मग कुरकुरत पुढे गेलं. रेघ शेवटपर्यंत जागेवर राहिली आणि होजचं टोक हातात आलं.

नट अजून पाइपला चिकटलेला होता, पण आता त्याची पुढची बाजू उघडी होती. पाइपच्या तोंडाला टोपी लावून नटाच्या दोन्ही बाजूंनी तेल दिलं, पितळी ब्रशने घासलं, आणि नटाच्या सपाट बाजूंवर छोट्या हातोडीने टिचक्या मारल्या, मागे दुसरं लोखंड टेकवून. बऱ्याच वेळाने तो पाइपवर मोकळा फिरायला लागला. पाइपचं फुललेलं तोंड भिंगातून तपासलं. चीर नव्हती. लांब पाइप वाचला.

पुढचं उजवं चाक: तिथे हिशेब उलटा

एअर काढताना पुढच्या उजव्या कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) निप्पलही घट्ट लागलं. आधीच्या गॅरेजमध्ये ते निघालं होतं, पण परत बसवताना जोराने आवळलेलं. मागे ज्या निप्पलकडे आम्ही ढुंकून पाहिलं नव्हतं, तसंच हे. इथे मात्र त्याच्यासाठी जीव टाकला, कारण कॅलिपर व्हील सिलिंडरच्या कितीतरी पट महाग, आणि गावाला निघायच्या आदल्या दिवशी कुठून मिळेल याची खात्री नाही.

निप्पलच्या भोकात बरोबर मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घातला, म्हणजे पिळताना पोकळ भिंत आत दबत नाही. बाराऐवजी सहा कोनांची गोटी लावली. निप्पलच्या डोक्यावर पितळी सुंब्याने हलके ठोके, मग आवळण्याच्या दिशेला अगदी निसटता जोर, मग सोडवण्याच्या. ड्रिलने पोखरून ईझी आउट (तुटलेला स्क्रू बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालण्याची घाई बरेच जण करतात. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही आणि कॅलिपर टर्नरकडे न्यावा लागतो. तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे. इथे त्याची वेळ आली नाही. कट्ट आवाज होऊन निप्पल सुटलं. ते परत बसवलं नाही, नवं घातलं. आट्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस पुसटसं, टोकाच्या बैठकीला अजिबात नाही, आणि वर रबरी टोपी.

जोडणी आणि तपासणी

नवा सिलिंडर बसवताना पाइपचा नट आधी बोटांनी तीन-चार आटे चढवून घेतला आणि मगच सिलिंडरचे बोल्ट आवळले. उलट क्रमाने केलं की नट तिरका शिरतो आणि नव्या सिलिंडरचे आटे पहिल्याच दिवशी जातात. ब्रेक शूंचं, म्हणजे ड्रमला आतून टेकणाऱ्या पट्ट्यांचं, अंतर जुळवलं, कारण पॅडल दुसऱ्या वेळी बरं लागत होतं त्यात हवेइतकाच वाटा सैल शूंचाही होता.

ऑइल चारही चाकांचं पुन्हा बदललं, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या क्रमाने. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये जिथवर रोज कप जात नाही तिथे गंज आणि मळ साठलेला असतो. पॅडल तळापर्यंत मारलं की कपांची कड त्यावर घासून कापली जाते आणि धडधाकट मास्टर सिलिंडर एअर काढण्याच्या नादात जातो. “पंप मार… दाबून धर… सोड” हे चाललं असताना मागच्या डाव्या चाकातून आधी चहासारखं काळपट ऑइल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ.

नंतर इंजिन चालू ठेवून पॅडल जोराने दाबून धरलं आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहिला. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर लगेच उमटते. सगळे कागद कोरडे निघाले. गल्लीत सावकाश थांबवून पाहिली, मग बेलापूरला पारसिक हिलचा उतार वर-खाली केला आणि परत येऊन पुन्हा कागद लावले.

गाडी देताना काकांना काढलेले भाग दाखवले, पिळलेल्या पाइपवरची ती रेघ दाखवली. मागच्या उजव्या बाजूचं निप्पल नीट उघडलं होतं, पण तिथल्या पाइपलाही वरवर गंज आहे. तो घासून त्यावर संरक्षक लेप दिला आणि तिथला होज व पाइप दिवाळीआधी बदलायचं ठरलं, घाईत नव्हे, सामान आधी आणून. काका गावाहून आल्यावर एक्सलवरचा जोड, सिलिंडर आणि ब्रॅकेट पुन्हा कागद लावून पाहिले. तिन्ही कोरडे होते. टाकीतलं ऑइल खुणेवर होतं.